डाव्या कुशीला डबा

देवरीचे केशोराव म्हणजे मनानं सोनं. नातवंड येणार म्हणून फुलून गेलेले, आणि हिरड्यांपासून सदऱ्यापर्यंत खर्ऱ्यानं रंगलेले. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्याकडे पुष्कळ लोक खातात. पण केशोरावांसारखं थुंकणारा दुसरा मी पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

त्यांची खुर्ची आणि दिवाण यांच्यामध्ये तेलाचा एक जुना डबा असे. टीव्हीवरची नजर न काढता ते त्यात पिचकारी सोडत. डब्यात काय साचलं होतं ते सविस्तर लिहिलं तर तुमचं जेवण जाईल. माश्यासुद्धा काठावरूनच परत फिरत.

सून रेणूला आठवा महिना लागला. कूलरची खोली एकच, म्हणून तिला तो दिवाण मिळाला. मंजू सिस्टरनं बजावलं होतं, "डाव्या कुशीवर निजायचं, पोटाखाली उशी घ्यायची." सासू जमुनाबाईंचं म्हणणं, डोकं पूर्वेलाच हवं. दोघींचं ऐकलं की रेणूचं नाक बरोबर डब्यावर येई. रात्रभर उमासे. डोळे तांबारले, पोरगी सुकली.

शेवटी ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, डबा बाहेर ठेवू का? वासानं झोपच येऊन नाही राहिली."

"काऊन? उजव्या कुशीवर निज ना! माझा नेम बसला आहे तिथं."

"नेमाचं कौतुक सांगून राहिले!" जमुनाबाई कडाडल्या. "ठेव वो रेणू, बाहेर!"

डबा दाराबाहेरच्या छपरीत गेला. रेणूनं फरशी फिनाइलनं घासली आणि दुपारी डाव्या कुशीवर, पोटाखाली नवी पांढरी उशी घेऊन निजली. किती दिवसांनी डोळा लागला! उशीचं एक टोक दिवाणाबाहेर लोंबत होतं. केशोराव येऊन खुर्चीत बसले, टीव्ही लावला, मालिकेत रंगले, आणि सवयीनं मान न वळवता पिचकारी सोडली.

नेम अचूक होता. डबा नव्हता. उशी लालभडक झाली, चार शिंतोडे सुनेच्या गालावर.

रेणू किंचाळत मोरीकडे धावली आणि भडाभडा ओकली.

"सवय वो पोरी, सवय!" केशोराव पुटपुटले.

"सवय?" जमुनाबाई कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "लग्न झाल्यापासून मी भिंतीकडे तोंड करून निजली. तुमाले काय वाटलं, लाजून राहिली?"

केशोरावांना तसंच वाटलं होतं. मित्रांनाही त्यांनी तसंच सांगितलं होतं.

"वास येते तुमचा! उचला खुर्ची!"

खुर्ची छपरीत, डब्याशेजारी गेली. टीव्ही आतच राहिला. दुसरी उशी आली. रेणू डाव्या कुशीवर कलंडली आणि तिच्या पाठीशी जमुनाबाईही आडव्या झाल्या.

चारच्या सुमारास केशोरावांनी बाहेरून हाक दिली, "चाय होते का नाही?"

आतून घोरणं ऐकू आलं. दोघींचं.