न घातलेलं पाणी

रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला विचारलं, "आजी, आजोबा नरकात आहेत का?" तुमच्या तिकडच्या चर्चमध्ये रविवारी मुलांसाठी भरणाऱ्या शब्बाथ शाळेत तिला सांगितलं होतं की, येशूवर विश्वास न ठेवलेली माणसं कायमची आगीत जातात. आणि आजोबा हिंदू होते, हे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, दारावर कुणीतरी आलंय, नंतर बोलू. दारावर कुणी नव्हतं. चौतीस वर्षं वर्गात प्रश्नांची उत्तरं दिलेल्या बाईला हे शोभत नाही, म्हणून आता नीट लिहिते. दादाने धाकटीला वाचून दाखवावं.

आजोबा वणीजवळच्या शेतकरी घरातले, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. मी नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती घरातली. आमचं लग्न रजिस्टर पद्धतीने झालं आणि माझे वडील आले नाहीत. त्यांनी फक्त निरोप पाठवला: इथे सुखात राहशील, पण पुढे काय? ते कठोर नव्हते. त्यांच्या दृष्टीने नरक गंगापूरच्या धरणाइतका खरा होता. मुलगी एका काठाला, जावई दुसऱ्या काठाला, मध्ये कधीच न संपणारा काळ, हे त्यांना दिसत होतं. त्यांच्या तोंडून नरकातल्या अग्निसरोवराचं वर्णन ऐकून लहानपणी मी स्टोव्हजवळ जायला घाबरायची.

सासूबाईंना मी एकदा हे सगळं सांगितलं. त्या शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, "तुझा देव लय कडक हाय बाई. आमच्यात भोगून झालं की सुटतो तरी माणूस." मी त्यांच्यासोबत शेंगा निवडायला बसले.

आजोबा दर रविवारी मला स्कूटरवरून चर्चला सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर पेपर वाचत बसायचे. नाताळात आत येऊन बेसूर गायचे. फक्त बाप्तिस्मा घेतलेल्यांना मिळणाऱ्या प्रभुभोजनाची वेळ झाली की, कुणी काही बोलायच्या आधी आपणहून बाहेर जायचे. वर्षातून एकदा, ईस्टरच्या आठवड्यात, मी त्यांच्याकडे बाप्तिस्म्याचा विषय काढायची. "तुमच्या स्वर्गात माझी आई नसेल," ते म्हणायचे, "मग मी तिथे भांडू कुणाशी?" मी हसायची आणि वर्षभर पुन्हा काळजी करायची.

तीन वर्षांपूर्वी त्यांचं हृदय थकलं. हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, मी त्यांच्या औषधांचा तक्ता पट्टीने आखत बसले होते.  ते हळूच म्हणाले, "तुला माझ्या पुढच्या सोयीची चिंता लागलीय ना?"

मी पट्टी बाजूला ठेवली.

"बोलाव पाळकांना. घाला डोक्यावर पाणी. तुला झोप लागणार असेल तर माझं काय जातंय?"

आमच्या चर्चचे पाळक जवळच राहतात, दहा मिनिटांत आले असते. आजोबांचे ओठ ओले करायला उशाशी स्टीलच्या वाटीत पाणी होतंच. मी विचारलं, "अहो, पण तुमचा विश्वास आहे का?"

"तुझ्यावर आहे," ते म्हणाले.

बाप्तिस्म्याआधी माणसाला विश्वास आहे का असा प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर मनापासून यावं लागतं, हे माझ्या हाडात शिरलेलं. दुसऱ्याचं पाहून लिहिलेल्या उत्तराला मी कधी मार्क दिले नव्हते. मी फोन केला नाही. त्यांचे ओठ ओले केले आणि वाटी झाकून ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले.

अमरधाममध्ये त्यांच्या भावाने अग्नी दिला. ज्वाळा वर आल्या तेव्हा मला वडिलांचं अग्निसरोवर आठवलं आणि मी तुमच्या आईचा हात घट्ट धरला. तिला वाटलं, दुःख. ते होतंच. पण आत वेगळंच चाललं होतं. मी नियम पाळला, की माझ्याच हाताने त्यांना तिकडे लोटलं?

हे मी आठ महिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी पाळकांकडे गेले. ते माझेच विद्यार्थी, अजून मला बाई म्हणतात. मला वाटलं, ते शास्त्र उघडून वचन दाखवतील. ते चष्मा पुसत राहिले.

"बाई, नरक आहे असं मी शिकवतो आणि ते मी मागे घेणार नाही," ते म्हणाले. "पण तिथे कोण आहे, याची यादी मला कुणी दिलेली नाही." मग म्हणाले, "जन्मभर जे धरलं ते एक माणूस तुमच्या झोपेसाठी सोडायला निघाला होता. तुम्हाला ते दिसलं. देवाला दिसलं नसेल?"

मी विचारलं, हे शास्त्रात कुठे आहे?

"असं लिहिलेलं नाही. ही माझी आशा आहे."

मी म्हटलं, उत्तर अपुरं आहे. ते म्हणाले, हो बाई, आहे. घरी येऊन मी त्या दिवशी दुपारी दोन तास झोपले.

तर धाकटे, मला माहीत नाही. मी वाटी झाकली ते बरोबर केलं का, हेही नक्की सांगता येत नाही. शब्बाथ शाळेत ज्या बाईंनी तुला शिकवलं त्यांच्यावर रागावू नकोस. माझ्या वडिलांना माझी काळजी होती, तशी त्यांना तुझी असेल. आमच्या चर्चच्या मंडळीत मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत, त्याचा निकाल लागलेला असतो असं मानतात. मी करते. सकाळचा चहा झाला की आजोबांचं नाव घेते आणि 'यांना सांभाळ' एवढंच म्हणते. पाळकांना हे ठाऊक आहे, अजून तरी त्यांनी मला अडवलेलं नाही. तुला भीती वाटली की तूही तेवढंच म्हण. मराठीत जमलं नाही तर इंग्रजीत म्हण.