हिरव्या उतारावरचे काका

बर्फात पडलेल्या माणसाला ग्रीन काका आधी शंकरपाळं द्यायचे आणि मग हात. थंडीनं त्या शंकरपाळ्यांचे पार दगड झालेले असत. "सावकाश चाव, दात तुझेच आहेत," असं म्हणून त्यांनी मला पहिल्यांदा उठवलं, तेव्हा मी परदेशात, पिस्कॅटवेला नुकताच शिकायला आलो होतो. रूममेट होते, पण ते आपापल्या हेडफोनमध्ये. इतक्या आपुलकीनं मला बऱ्याच दिवसांत कोणी रागावलं नव्हतं.

स्कीच्या डोंगरावर उतारांना रंग असतात. हिरवा नवशिक्यांचा, निळा जरा सरावलेल्यांचा आणि काळा हाडं मोडायची हौस असणाऱ्यांचा. काका कित्येक हिवाळे दर शनिवारी यायचे, आम्हा पोरांना गाडीत कोंबून आणायचे, पण हिरवा सोडून कुठे गेले नाहीत. पहिल्या वळणाशी लोक हमखास आडवे होतात. काका नेमके तिथेच कडेला उभे.

"काका, प्रमोशन कधी?" आम्ही विचारायचो.

"ग्रीन कार्डापायी अर्धं आयुष्य गेलं. आता ग्रीन सोडू होय?"

एका शनिवारी हिरव्यावर वर नेणारी लिफ्ट बंद पडली आणि काकांना आमच्याबरोबर निळ्यावर यावं लागलं. आम्ही त्यांना सांभाळायच्या तयारीत होतो. काका लोण्यातून सुरी जावी तसे खाली गेले आणि आमची वाट बघत उभे राहिले. आमची तोंडं बघण्यासारखी झाली असणार.

परतताना मी गाडीत विचारलंच, "इतकं छान येतं, तर मग त्या वळणाशी का उभे राहता?"

काकांनी गाडीचा वेग कमी केला. "वर सगळे सुसाट जातात रे. कोण कोणाला विचारतो? हिरव्यावर माणसं पडतात. पडली की थांबतात, थांबली की दोन शब्द बोलतात. तुझी काकू गेल्यापासून वीकेंडला घरात आवाज म्हणजे फ्रिजचा."

मी डब्यातलं एक शंकरपाळं त्यांच्यापुढे धरलं.

गेल्या वर्षी मुलानं त्यांना दूर, वाळवंटातल्या चँडलरला नेलं. "बाबा, एकटे किती दिवस राहणार?" असं तो म्हणाला, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. जाताना काकांनी शंकरपाळ्यांचा डबा माझ्या हातात ठेवला. "तू आता निळ्यावर जात जा," म्हणाले. मी मात्र अजून हिरव्यावरच जास्त रेंगाळतो.

परवा त्यांना फोन केला.

"कसं आहे तिकडे, काका?"

"झकास. मोठं घर, सून चांगली, नातू गोड. 'हाय आजोबा', 'बाय आजोबा' करतो बिचारा. सगळे गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून गॅरेजमध्ये. मी संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन उभा राहतो."

"कोणी भेटतं का?"

"रस्ते फार गुळगुळीत आहेत," काका म्हणाले. "इथे कोणी पडतच नाही रे."