परक्या घरी जेवता यावं म्हणून

चौथीनंतर माझी शाळा सुटली ती धाकट्या भावाला भात भरवायला. माय-बाप धानाच्या बांधीत, आणि भाऊ माझ्या मांडीवर. गुरुजी एकदा अंगणात येऊन म्हणाले होते, "पोरगी हुशार आहे, पाठवा." माय म्हणाली, "पाठवतो जी, पोट्टं हातानं खाऊ लागू द्या." भाऊ हातानं खाऊ लागला तोवर पाठची बहीण झाली होती. त्यामुळे शाळा गेली ती गेलीच. पण लहान लेकराला जेवू घालणं ही एक विद्या तरी आपल्याला पक्की येते, असं मी समजून होते.

लग्न होऊन जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आले. माझं गाव नाकाडोंगरीकडे, जंगलाला लागून. तिथून तुमसर, तुमसरहून भंडारा, मग इकडची गाडी. आजच्या लेकरांना सांगितलं तर हसतात, पण तेव्हा मला वाटे की आपण दुसऱ्या मुलखात येऊन पडलो. नवऱ्याची शिफ्ट. भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरायचा आणि थोड्या वेळात पुन्हा रिकामा व्हायचा. पुढे पोरगा झाला, अडीच वर्षांचा झाला, तरी दिवसभर मी आणि तो, दोघंच.

गावी लेकरांना जेवायला कोणी शिकवत नाही. मोठं ताट मधे, भोवती पाच-सहा पोट्टे. जो सावकाश खाईल त्याला कमी मिळेल, एवढंच शिक्षण. सांडलं ते कोंबड्या टिपायच्या. इथे सिमेंटची फरशी, कोंबडी नाही, वासरू नाही, ताटावर झोंबायला दुसरं लेकरू नाही. पोरगा एकटाच ताटासमोर बसे आणि वरणभात बोटांच्या फटीतून पिळून काढे. कानात भात, केसात भात, गुडघ्याच्या मागे वाळून चिकटलेला भात. अर्ध्या तासानं मुंग्यांची रांग. मी एकेक शीत नखानं खरवडून काढत बसे. घाई कशाची होती? दुपार सरतच नसे.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. मला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिल्या वेळेस गावी सुईणीनं हात टेकले होते, म्हणून यांनी ठरवलं की हे बाळंतपण इथल्या दवाखान्यातच. तारीख नेमकी धानाच्या रोवणीच्या दिवसांत आली. सासू नव्हती, आणि मायला रोवणी टाकून येणं शक्य नव्हतं. तेवढ्या दिवसांत पोराला ठेवायचं कोणाजवळ, या काळजीनं माझी झोप गेली.

समोरच्या क्वार्टरमध्ये जबलपूरकडचं कुटुंब होतं. भाभीजी, त्यांचा नवरा, सातवीतली मुलगी आणि म्हातारी सासू. सासूला सगळे अम्माजी म्हणत. भाभीजी एकदा गॅलरीतूनच म्हणाल्या, "मुन्ने को हमारे पास छोड़ देना. आठ-दस दिन की क्या बात है."

किती बरं वाटलं! आणि त्याच रात्रीपासून धास्ती बसली. त्यांच्या घरात जेवायचं टेबल होतं, त्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक. एक शीत कुठे दिसत नसे. माझा पोरगा तिथे दोन दिवस जेवला की तिसऱ्या दिवशी भाभीजी हात जोडून परत आणून देतील, असं मला दिसू लागलं. मग मी काय करणार होते?

"तू कायले येवढी भेते?" हे म्हणाले. "लेकरू आहे. सांडनच."

"तुमाले काय जाते बोलाले? त्यायनं नाही म्हटलं तं पोट्ट्याले टिफिनमंदी भरून फॅक्टरीत न्यान काय?"

हे हसले आणि सायकल घेऊन गेले. त्यानंतर मी पोराला जेवण शिकवायला घेतलं. शाळेत गुरुजी पाढे घेत तसं. एका जागी बसायचं. लहान घास. उजवाच हात. पेरांच्या वर भात चढू द्यायचा नाही. हात पोटाला पुसायचा नाही. वाढलं तेवढं संपवायचं. आणि जेवण झालं की उष्ट्या हातानं उठायचं नाही. गडव्यातलं पाणी ताटात घ्यायचं, त्यातच बोटं धुवायची, ताटाला शीत चिकटून राहायला नको, मग उठायचं. आमच्या गावी पाव्हणा असा हात धुऊन उठला की म्हणत, शहाण्या घरचा दिसते. ही शेवटची गोष्ट पोराला सगळ्यांत आवडली. पाण्याचा खेळच तो. महिना-दीड महिन्यात तो असा जेवू लागला की मीच त्याच्याकडे पाहत राही. वाटे, मायला दाखवावं. दाखवणार कसं? भिंतीला दाखवल्यासारखं होतं सगळं.

भाभीजी म्हणाल्या, "एक दिन खाना खिलाकर देखते हैं, आदत हो जाएगी." मी त्याला आंघोळ घालून, तेल लावून नेलं. त्यांच्या मुलीनं त्याला खुर्चीवर उशी ठेवून बसवलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. पोटातलं लेकरू लाथा मारत होतं आणि माझं लक्ष त्या पाच बोटांवर. लहान घास. हात पोटाला नाही. प्लास्टिकवर दोन शितं पडली, ती त्यानं उचलून खाल्ली. अम्माजी म्हणाल्या, "अरे वाह, बड़ा सयाना है." मला रडू यायचंच बाकी होतं.

मग जेवण संपलं. पोरानं पेला दोन्ही हातांनी उचलला आणि पाणी ताटात ओतलं.

त्यांचं ताट उथळ, काठ नसल्यासारखा. पाणी उसळून प्लास्टिकवर, तिथून अम्माजींच्या पांढऱ्या लुगड्यावर. पोरगा मात्र शिकवल्याप्रमाणे बोटं चोळत बसला.

"अरे, अरे! थाली में हाथ धो दिए!" अम्माजी उठल्याच. "बहू, देखो! अन्न की थाली में!"

त्यांच्याकडे तो अन्नाचा अपमान होता, हे मला काय माहीत! मला एवढंच कळलं की दार बंद होतंय. पोरानं ओले हात वर धरले आणि माझ्याकडे पाहिलं. घरी या वेळी मी म्हणत असे, शाबास माह्या राजा. मी पुढे झाले आणि त्या दोन्ही हातांवर फाडकन मारलं. सगळ्यांसमोर. "तुले असं कोणं शिकवलं रे?" असंही म्हणाले. मीच शिकवलं होतं.

तो रडला नाही. हात मागे घेतले फक्त.

भाभीजी म्हणत राहिल्या, "कोई बात नहीं, बच्चा है." अम्माजी लुगडं झटकत आत गेल्या. घरी येऊन मी माफी कशी मागावी ते मनात हिंदीत जुळवत होते, ते जुळेना. आणि चौथ्याच दिवशी, तारखेच्या आधी, पहाटे कळा सुरू झाल्या. पोराला झोपेतच भाभीजींच्या खांद्यावर दिला. बोलायला वेळच नव्हता.

मुलगी झाली. अंगात ताप राहिला म्हणून मला नऊ दिवस ठेवलं. शेजारच्या खाटांवरच्या बायांजवळ त्यांच्या आया होत्या, नणंदा होत्या, डब्यांची झाकणं वाजत. मी भिंतीकडे तोंड करून पडे. हे शिफ्ट सुटल्यावर येत.

"जेवते का तो?"

"जेवते म्हनते."

"कोन म्हनते? तुमी पायलं?"

"मी जातो तवा झोपून राह्यते."

माझा विश्वास बसत नसे.

दहाव्या दिवशी रिक्षातून उतरले आणि लेकीला घेऊन आधी समोरच्या दारात गेले. टेबल रिकामं होतं. खाली फरशीवर अम्माजी एक पाय पसरून बसल्या होत्या, समोर माझा पोरगा. त्याचे दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत अडकवलेले. अम्माजी दाळभाताचे गोळे करून त्याच्या तोंडात घालत होत्या, आणि त्यांच्या लुगड्यावर शितं सांडली होती.

मी चौकटीला धरून उभी राहिले.

"तुम्हारा लड़का अपने हाथ से नहीं खाता," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पहले दिन तो भूखा ही रहा. मैंने कहा, मत खा. मेरे हाथ किस दिन काम आएंगे?"

"जी," मी म्हणाले.

पोरानं माझ्याकडे पाहिलं, लेकीच्या दुपट्याकडे पाहिलं, आणि पुढच्या घासासाठी तोंड अम्माजींकडे वळवलं.

घरीही तो हातानं जेवेना. मी भरवू गेले की हात मागे. दिवाळीपर्यंत तसंच चाललं. एका मांडीवर तान्ही, समोर हा, आणि मधे मी, पुन्हा भात भरवत. दुपारी कधी कधी अम्माजी दारातून हाक मारत, "लाओ, उसे इधर भेज दो." मी पाठवत असे आणि आमच्या खिडकीतून त्यांचं दार पाहत बसे.

तो हात मागे का घेतो, हे अम्माजींनी मला एकदाही विचारलं नाही. पुढे भाभीजींच्या नवऱ्याची बदली झाली आणि ते सगळे गेले. मीही कधी सांगितलं नाही. पण मी त्याच्या हातांवर मारलं त्या दिवशी त्या तिथेच होत्या, त्यांनी पाहिलं होतं.