नातीचं नाक आणि विहीणबाईंची ताल

नातीच्या आठव्या वाढदिवसाला मी मोबाईलवर तिचा फोटो काढला, आणि त्या फोटोपायी तिनं पुढं वर्षभर तोंड दाखवलं नाही. म्हणजे मला दाखवायची, कॅमेऱ्याला नाही.

ती केकवर वाकली होती आणि मी मोबाईल अगदी तिच्या तोंडाशी धरला होता. फोटोत नाक बटाट्याएवढं आलं, कान पार मागं कुठंतरी गेले. जावयांनी तो फोटो कौतुकानं ग्रुपवर टाकला, तिथून तो तिच्या वर्गातल्या कुणाच्या तरी आईकडं पोचला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी तिला बटाटा म्हणून हाक मारली.

संध्याकाळी तिनं मला फोन केला. "आजी, माझं नाक तसं हाय का?"

"नाही गं."

"मग फोटूत कसं आलं?"

मी तीस वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली बाई. काचेतून काय कसं दिसतं हे माझ्या रोजच्या कामातलं होतं, आणि नातीच्या नाकाचा हिशोब मात्र मला लागत नव्हता.

निवृत्त झाले तेव्हा मुलानं मला एक कॅमेरा घेऊन दिला होता. वर्षभर मी त्यावर अंगणातली जास्वंद आणि मांजर काढत होते. शेवटी वर्ष सरत आलं तेव्हा तो पिशवीत घालून मी भोरच्या बाजारपेठेतल्या एका स्टुडिओत गेले. तिथला माणूस जुन्या लेन्सही विकतो. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, दोष मोबाईलचा नाही, तुमचा आहे. तुम्ही फार जवळ जाता. जवळ गेलं की जे पुढं आहे ते मोठं दिसतं. लांब उभं राहा, आणि लांबूनच चेहरा भरून दिसेल अशी लेन्स लावा."

त्यानं काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या, एक पन्नास मिलिमीटरची आणि एक पंच्याऐंशीची. पंच्याऐंशीची जड होती, तिची काच तळहाताएवढी. "चेहऱ्यासाठी सगळे हीच नेतात," तो म्हणाला. "मागचं सगळं विरघळतं, माणूस तेवढा उरतो." मला ठरवता येईना, तेव्हा त्यानं दोन्ही माझ्या पिशवीत घातल्या. "चार दिवस वापरून बघा. पोरांवर वापरल्याशिवाय नाही कळायचं."

माझी मुलगी विंझरला दिलेली आहे. ती शाळेत शिकवते, सासरची भातशेती आहे. भोरहून कापूरहोळ, तिथून चेलाडी फाटा आणि मग वेल्ह्याची एसटी. मार्गासनी मागं पडली की मला दर वेळी जरा अवघडल्यासारखं होतं. मुलीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण विहीणबाईंशी माझं बोलणं 'बरं आहे ना, प्रवास नीट झाला ना' याच्या पुढं कधी गेलं नव्हतं. भांडण काही नव्हतं. त्या सदानकदा कामात, आणि मी पाहुणी. ताट वाढलं जायचं, पाटाला रांगोळीसुद्धा असायची, आणि जेवण झालं की त्या पुन्हा रानात.

या वेळी भात कापणी चालू होती. घरात पोचल्या पोचल्या मी पंच्याऐंशी लावली आणि नातवाला समोर बसवलं. तो पाच वर्षांचा. कॅमेऱ्यात नुसता त्याचा एक डोळा आणि भुवई आली. मागं सरकले, कपाळ आलं. अजून मागं सरकत सरकत उंबरा ओलांडून मी गोठ्यात गेले आणि पाठ गव्हाणीला टेकली, तेव्हा कुठं त्याचं पूर्ण तोंड दिसलं. तेवढ्यात तो उठून "आजी, मला बघू दे" म्हणत पळत आला आणि काचेवर त्याच्या नाकाचा ठसा उमटला. गाईनं माझा पदर चघळायला घेतला होता.

मुलगी दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, "आई, तू रानातच जा. तिथं लागेल तेवढं मागं जाता येईल."

रानात खरंच सोपं झालं. नात विहीणबाईंबरोबर पेंढ्या उचलत होती. मी बरीच लांब, दुसऱ्या बांधावर उभी राहिले. पहिल्यांदा तिनं मला पाहून तोंड फिरवलं. मी तिथंच थांबले. हळूहळू ती मला विसरली. एक पेंढी छातीशी धरून ती तालीवर, म्हणजे दगडी बांधावर चढली, केसांत भाताचं पातं अडकलेलं, आणि वाऱ्याकडं तोंड करून क्षणभर थांबली. मी तेवढ्यात बटण दाबलं.

तिला हाक मारून फोटो दाखवला. तिनं कॅमेरा दोन्ही हातांत धरला. बराच वेळ बघितलं. मग स्वतःच्या नाकाला बोट लावून पाहिलं.

"हे माझं नाक हाय," ती म्हणाली.

"हो. हेच तुझं."

"अजून एक काढ."

वर्षभराचा राग असा एका वाक्यात संपला. मी मनात ठरवूनच टाकलं, पंच्याऐंशीच घ्यायची.

दुपारी जेवायला सगळे सावलीला बसले, तेव्हा नातीनंच कॅमेरा नेऊन विहीणबाईंच्या पुढं धरला. त्यांनी पदराला हात पुसले आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"पोर लई ग्वाड आलीय," त्या म्हणाल्या. मग फोटोवर बोट ठेवून, "पन आमचं रान कुठं गेलं?"

फोटोत नातीच्या मागं नुसता पिवळसर धूर होता. मी समजावून सांगितलं, की ही लेन्स अशीच असते, मागचं पुसट करते, म्हणजे बघणाऱ्याचं लक्ष चेहऱ्यावरच राहतं.

"म्हंजी मुद्दाम पुसत्यात व्हय?"

"हो. त्यासाठीच घेतात लोक."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग नातीकडं बघत, पण मला म्हणाल्या, "विहीणबाई, पोर हुबी हाय ना ज्या तालीवर, ती म्या आन ह्यांनी घातलीय. म्या लगीन होऊन आले तवा हितं नुसता मुरूम हुता. पावसानं सगळी माती खाली जायाची. चार उन्हाळं दगडं वाहिली आमी डोक्यावर. ह्या पोरीचा बाप पोटात हुता तवा बी."

व्याही समोरच बसले होते. त्यांनी मान हलवली. "कोपऱ्यातला मोठा दगड हिनंच आणला," एवढंच म्हणाले.

मी त्या तालीकडं पाहिलं. उतारावर माती धरून ठेवायला रचलेले काळे दगड, कंबरेएवढे उंच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अकरा वर्षं मी त्यावरून जाऊन येऊन होते. ती कुणी घातली असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी तक्रार केलीच नव्हती. जसं होतं तसं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंच्याऐंशीचं तोंड, म्हणजे उजेड आत येतो ते भोक, बारीक करून पाहिलं. तसं केलं की मागचंही स्पष्ट येतं. आलं, पण रान टीचभरच मावलं. चार दगड आणि मागं डोंगराची एक कड. मग पन्नास लावली. आता जवळ जावं लागत होतं, आणि जवळ म्हटलं की नातीच्या कपाळावर आठी.

"तू सांग कुठं थांबू," मी तिला म्हटलं.

तिनं स्वतः पावलं टाकली, मातीत काठीनं रेघ मारली. "ह्याच्या म्होरं यायचं न्हाई."

मी रेघेवर उभी राहिले. नात आणि नातू तालीवर बसले, पाय दगडांवर सोडून. विहीणबाई खाली कापत होत्या. मी त्यांना बोलावलं तर म्हणाल्या, "मला कशाला, पोरांचा काढा." पण विळा खाली ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जाऊन त्या कोपऱ्यातल्या मोठ्या दगडाशी उभ्या राहिल्या. "हा दिसतूय का?" त्यांनी विचारलं.

"दिसतोय."

"आन खालचा थर?"

"तोही."

मग त्या सरळ कॅमेऱ्याकडं बघू लागल्या. नातू नेमका हलला आणि त्याचा हात पुसट आला. ऊन चढलेलं होतं, चेहऱ्यांवर सावल्या कडक पडल्या. स्टुडिओवाल्यानं त्या फोटोत दहा चुका काढल्या असत्या. पण दगड न दगड मोजता येत होता.

चौथ्या दिवशी मी पंच्याऐंशी परत केली आणि पन्नास ठेवून घेतली. स्टुडिओवाल्याला नवल वाटलं. "चेहऱ्याला ती जास्त चांगली होती, काकू."

"होती," मी म्हटलं. "पण मला त्या घरात उभं राहायला जागा हवी. आणि मागचंही थोडं हवं."

दोन्ही फोटो मी त्याच्याकडूनच छापून घेतले. पेंढीवाला नातीनं आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. तो तिला एकटीला बघायचा असतो. तालीवरचा बाहेरच्या खोलीत आहे. आल्यागेल्याला विहीणबाई पोरांच्या आधी दगड दाखवतात, असं मुलगी सांगते.

आणि आता त्या मला फोन करतात. मुलीच्या मोबाईलवरून, आवाज जरा मोठा करून. परवा म्हणाल्या, "विहीणबाई, सोमवारी भाताची झोडणी हाय. येता का फोटू काढायला? ह्या बारीला गोठ्यात जाऊ नका, गाय व्यालीय, मारती."

मी विचारलं, काय घेऊन येऊ.

"कायबी नगं," त्या म्हणाल्या. "दोन दिस राहायच्या बोलीवर या."