नाकातला वाकडा पडदा

आमच्या कोळसा खाणीच्या बसमध्ये एकानं दुखणं काढलं की चंद्रपूर सुटायच्या आत सगळ्यांची दुखणी गोळा होतात. त्यात माझं डोकं कायमचं. नाक चोंदलेलं, कपाळ ठणकतंय, एका जागी बसवत नाही. सारखी सीट बदलायचो.

*

आधी वाटलं, चष्म्याचा नंबर असेल. तपासून तपासून चष्मेवाला वैतागला. "भाऊ, डोळे ठीक हायेत. आता डोकं कोणाले तरी दाखवा."

हे मी बसमध्ये सांगून बसलो. आठवडाभर सगळे माझ्याशी फार जपून, गोड बोलत होते.

*

एकदा माझा भरला डंपर खाणीतल्या चढावर असताना अशी कळ आली की डोळेच मिटले. उघडले तेव्हा चाक कडेच्या मातीच्या बांधाला टेकलेलं. मागच्या डंपरमधून मडावीभाऊ उतरून आले. आमच्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर. हात पुढे केला.

"किल्ली दे."

"काई नाई झालं, भाऊ."

"तुह्या मागं माहा डंपर असते. माह्या मागं माहं घर असते. पहिले डॉक्टरले दाखव."

किल्ली दिली.

*

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घातली, स्कॅन केला. आतला पडदा वाकडा, एक बाजू जवळजवळ बंद. "ऑपरेशननं श्वास मोकळा होईल. डोकेदुखीही कमी व्हावी, पण गॅरंटी देत नाही."

माझी बायको सुनंदा म्हणाली, "नाक बाहेरून बी सरळ होईन का?"

"नाही, फक्त आतून."

"मंग पाहुण्यायले दाखवाचं काय?"

*

ऑपरेशननंतर दोन्ही नाकपुड्या पट्टीनं बंद. तोंडानं श्वास घेताना जीव कासावीस. उठत होतो, बसत होतो, हात सारखा पट्टी उपसायला जाई. भेटायला आलेल्या मडावीभाऊंनी दोन्ही मनगटं धरून ठेवली.

"भाऊ, सोडा नं."

"डंपरवर बसशीन तवा सोडतो."

*

डोकं हलकं झालं, डॉक्टरांनी परवानगी दिली, ड्युटीवर परत गेलो. बसमधून उतरलो तर काहीतरी जळाल्याचा उग्र वास. मी ओरडलो, "आग लागली!"

कोणी हललं नाही.

"कोळसा होय," मडावीभाऊ म्हणाले. "उन्हाळ्यात आतल्या आत धुमसते."

"कवापासून?"

"तू कामाले लागला त्याच्या आधीपासून."

"मंग इतके वर्षं तुमी सगळे हा वास घेऊन राह्यले?"

त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढला आणि नाकाला बांधायला माझ्या हातात दिला.