पाठमोरी खुर्ची

मोजणीची गाडी दिसली की सखाराम तात्या अंगणातली प्लास्टिकची खुर्ची उचलून फिरवत आणि आमच्याकडे पाठ करून बसत. माझे पहिले स्वागत त्या पाठीनेच केले. "आलं का डबं घेऊन?" ते समोरच्या भिंतीला म्हणाले. डबं म्हणजे आमचे उपग्रहावरून जागा सांगणारे मोजणीयंत्र. "त्या डब्याला आभाळातलं दिसतंय, पायाखालचं न्हाय."

मी भूकरमापक. वडगाव निंबाळकरकडून नुकताच बदलून आलो होतो. तात्यांचे रान बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या हद्दीवर, आणि हद्द म्हणजे एक ओढा. जुन्या दप्तरात एवढेच लिहिलेले: हद्द ओढ्याच्या मध्यातून. पलीकडच्या बागायतदाराने पोकलेन लावून तो ओढाच तात्यांच्या रानात सरकवला, जुने पात्र बुजवून तिथे ऊस लावला आणि अर्ज केला की, ओढा आज वाहतो तीच हद्द धरा. तसे झाले असते तर तात्यांची विहीर त्याच्याकडे जाणार होती. माणसाने वळवलेल्या ओढ्यामागे हद्द जात नाही, एवढा कायदा मला येत होता. जुने पात्र कुठे होते, तेवढेच ठरवायचे होते. नकाशा नेमका त्या घडीवर फाटलेला.

मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "तात्या, पूर्वी शिव तुमच्याच घरातली माणसं दाखवायची ना? चालून दाखवा की."

खुर्ची गर्रकन माझ्याकडे फिरली. "माझा आज्जा चालायचा. त्यानं दाखवली ती शिव, दोन्ही गावं मान डोलवायची. आन् त्याला वरनं भाकरी टाकायची. शिव सांगायला आमचं तोंड चालायचं, पाणी प्यायला न्हाय. छप्पन सालच्या दीक्षेनंतर बापानं ते काम टाकलं. मी न्हाय चालायचा, साहेब. तुमी खणा."

आयुष्यभर कॅनॉलवर पाणी सोडणारे पाटकरी होते ते. पाण्याची खोड त्यांना ठाऊक होती. त्यांनी काठीने उसाची कड दाखवली. माणसे खणू लागली, तेवढ्यात बागायतदार आला. "काय तात्या, सोनं निघतंय का?"

"सोनं तुमच्या दातात. हितं गोटं निघत्याल."

कमरेइतक्या खड्ड्यात काळी माती संपली आणि वाळू लागली. वाळूत पाण्याने घासलेले गोल गोटे. तात्यांनी एक उचलून माझ्या हातावर ठेवला. "हे काय उसाला लागलं व्हय?"

मी हसलो. मग बागायतदाराच्या बंगल्यावर मटण जेवलो आणि अहवालात खड्ड्याचा उल्लेखच केला नाही. मला कुणी धमकावले नव्हते. दोन तालुक्यांच्या कचेऱ्यांत कागद फिरवत बसायचा मला कंटाळा आला होता, इतकेच.

तीन वर्षांनी, विहीर बागायतदाराकडे जाऊन तिच्यावर त्याची मोटर बसल्यावर, मी माफी मागायला गेलो. तात्या खंगले होते, पण खुर्ची फिरवली नाही. "बसा. खड्ड्यात काय निघालं हुतं, साहेब?"

"गोटे. वाळू."

"लिवून द्या. पोरगी अपील करतीया."

नोकरीची सहा वर्षे उरली होती. मी म्हणालो, "बघतो."

ते दोन्ही हातांनी खुर्चीला धरून उठले. मी मदतीला पुढे झालो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. एवढं जमतंय मला." खुर्ची फिरली. मला झालेले तात्यांचे शेवटचे दर्शन म्हणजे ती पाठ.

गेल्या महिन्यात ते गेले. पुण्यानुमोदनाला गेलो, तेव्हा त्यांच्या मुलीने, मंगलने, मला दारातच थांबवले. "तात्या म्हणायचे, साहेब येतील, पण कागद काही आणणार नाहीत."

म्हणून आज, नोकरीत असतानाच, लिहून सही करून तिला देतो आहे: उसाच्या कडेला, कमरेइतक्या खोलीवर, मी स्वतः वाळू आणि गोटे पाहिले. ओढा तिथून वाहत होता. विहीर सखाराम तात्यांची आहे. हे मला त्याच दिवशी ठाऊक होते.