काकांचा बँजो

"घाई कायची आहे?" असं म्हणत काका टेबलाच्या कडेवर उजव्या हाताची तीन बोटं वाजवायला लागायचे. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट. पुन्हा अंगठा. समोर मॅनेजर उभा असो, नाहीतर सिस्टिम बंद पडलेली असो, बोटं चालूच. नवीन माणसाला वाटे, हे चिडलेत. चिडलेले नसत. रियाज चाललेला असे.

हडपसरच्या कंपनीत आम्ही दोघं शेजारी बसून सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचो. ते अमरावतीचे. बायको तिकडे शाळेत शिक्षिका, म्हणून इथे एक खोली घेऊन एकटेच राहत. टीममध्ये वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे काका. कंपनीने एकदा त्यांना तीन महिने अमेरिकेला पाठवलं. लोक तिथून चॉकलेटं आणतात. काका बँजो घेऊन आले.

आपल्याकडे बेंजो म्हटलं की वरातीतला, बटणं दाबून वाजवायचा. हा तो नव्हे. डफासारखं गोल अंग, त्याला लांब दांडी आणि पाच तारा. पाचवी तार आखूड, दांडीच्या मध्यातूनच सुरू झालेली. बोटांत नख्या चढवून वाजवायचा. तिकडच्या डोंगराळ भागातली माणसं तो इतका जलद वाजवतात की बोटं दिसत नाहीत, असं काका सांगत. काकांची बोटं मात्र स्वच्छ दिसत. एकेक.

संध्याकाळी त्यांच्या खोलीवर चहाला गेलं की ऐकावं लागे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बँजोच्या पाठीमागून जुना बनियन कोंबलेला. तेच आठ ठोके, अर्धा तास. दहा तास ऑफिस, वर हे. मी एकदा वैतागून विचारलं, "काका, थकत नाही का हो तुम्ही?"

"थकतो ना. पण दिवसभर लोकांच्या चुका पाहतो. अर्धा तास आपल्या पाहाव्या."

त्यांच्या सोसायटीच्या गणपतीत कुणीतरी त्यांचं नाव दिलं. निवेदकाने "आता बेंजो!" म्हणताच पोरं नाचायला पुढे सरसावली. काका खुर्चीत बसले, नख्या चढवल्या आणि त्यांना येणारी एकमेव धून सुरू केली. चौथ्या ओळीवर अडखळले. थांबले. "चुकलं. पहिल्यापासून घेतो." पुन्हा तिथेच अडखळले. पोरं पांगली. पुढच्या रांगेतले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "अहो, गाणं चालू आहे, की अजून तारा लावताय?"

"गाणंच आहे," काका म्हणाले. "माझ्याकडून असं निघते." आणि तिसऱ्यांदा ते शेवटपर्यंत वाजवून खाली उतरले. टाळ्या मी आणि वॉचमनने वाजवल्या.

त्यानंतर वर्षभराने आमचं काम दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात हलवायचं ठरलं. तिथून नुकत्याच कॉलेज संपवलेल्या दोन मुली आल्या. काकांनी त्यांना सगळं शिकवायचं होतं. मला दुसरं काम मिळालं होतं, काकांना मिळणार नव्हतं. हे मॅनेजरने मला आधीच सांगितलं होतं. रोज त्यांच्या शेजारी बसून मी ते बोललो नाही. तुम्ही बोलला असतात का, मला माहीत नाही.

काका मात्र जीव ओतून शिकवत होते. कुठली चूक कुठे दडून बसते, कुठल्या स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही, सगळं. मला ते बघवेना. एके दुपारी कॅन्टीनमध्ये मी म्हणालो, "काका, एवढं कशाला सांगता? थोडं हातचं राखा. ह्या मुली शिकल्या, की तुम्हाला—"

"काढणार. माहीत आहे मला." ते ताकाचा घोट घेऊन म्हणाले, "मी हे आधी पाहिलं आहे ना. समोरच्या खुर्चीतून."

अमेरिकेत ते हेच काम शिकायला गेले होते. शिकवणारा साठीचा माणूस, तीस वर्षं त्याच टेबलावर. काका शिकले की तो घरी बसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्याने एकही गोष्ट लपवली नाही. शनिवारी तो काकांना घरी नेई, जेवायला घाली आणि ओसरीवर बसून बँजो वाजवी. "मी एकदा विचारलं त्याला, तुम्हाला माझा राग नाही येत? तर त्याने बँजो माझ्या मांडीवर ठेवला. म्हणे, तू काय केलंस? अंगठ्यापासून सुरू कर." निघताना तोच बँजो त्याने देऊन टाकला.

काकांनी डबा बंद केला. "चला. पोरी वाट पाहत असतील."

शेवटच्या दिवशी मी त्यांना शिवाजीनगरच्या स्टँडवर सोडलं. एक बॅग आणि ती लांबट पेटी. पेटी रॅकवर मावेना, म्हणून ती गुडघ्यांत उभी धरून ते खिडकीशी बसले. मी पाण्याची बाटली आणायला गेलो. येताना मनाशी वाक्य जुळवत आलो : काका, मला आधी कळलं होतं, मी बोललो नाही.

खिडकीशी पोचलो तर पेटीवर गाल टेकून काका गाढ झोपले होते. तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. गाडी अजून सुटलीही नव्हती. इतकं थकलेलं माणूस मी ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं.

बाटली मी शेजारच्या बाईंच्या हातात दिली. "उठवू का त्यांना?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. "झोपू द्या."